‘तुम्ही मूळचे कुठले?’ : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच म्हटलं होतं की ज्यांच्या घरात दोन संस्कृती एका छपराखाली नांदतात त्यांनी आपला प्रश्न लिहून पाठवा. कुणी चार ओळी लिहिल्या, कुणी चार पानं, एका मुलाने तर रूममेटकडून टाइप करून घेऊन पाठवलं (त्याचं पत्र शेवटी आहे, नक्की वाचा). सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार पत्रं घेतलीयेत. पहिल्या पत्रावर मी जरा जास्त लिहिलंय कारण ते आल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

ठाण्याहून एक आई लिहितात

“ताई नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव शेवटी ‘कर’ असलेलं, घरात मराठी सोडून दुसरं काही कधी बोललो नाही. माझी आई शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (शनिवारच्या आमच्या पवित्र दिवसाचा) दिवा लावायची, मीही लावते. मुलगी 23 वर्षांची, आयटीत आहे. शाळेपासून तिला ‘तुम्ही ख्रिश्चन का, मुस्लिम का’ हे ऐकायची सवयच झालेली. गेल्या वर्षी ती माझ्या बहिणीकडे इस्राएलमध्ये अश्दोदला तीन महिने राहून आली, जाताना म्हणाली मम्मी आता निदान तिकडे तरी कुणी काही विचारणार नाही. तर तिकडे ती ‘इंडियन’. तिच्या हिब्रूला हसले, आणि एका मुलीने सरळ विचारलं की तुम्ही मुळातले ज्यू का नंतर झालेले? परत आल्यापासून गप्प गप्प असते, परवा म्हणाली की मी दोन्हीकडे पाहुणीच आहे. मी तिला काय सांगू? मला स्वतःला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता, म्हणून उत्तरही माहीत नाही.”

ताई, आधी सांगते की मी बेने इस्राएल नाही. मी बडोद्याची मराठी, लग्न होऊन पुण्यात आले त्याला 26 वर्षं झाली. तुमच्याच समाजाच्या गोष्टी तुम्हाला सांगणं म्हणजे आमच्या बडोद्यात म्हणतात तसं ‘मा आगळ मोसाळनी वात’, आईपुढे तिच्याच माहेरचं वर्णन. पण बाकीच्या वाचकांना माहीत नसेल, आणि तुमच्या लेकीलाही हे सगळं कुणी एका जागी बसवून सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

तुमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, असं तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. मग कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली, आणि आडनावं गावांवरून आली, पेणकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरून गेलेली, तरी शनिवार सुटला नाही, मुलांची सुंता सुटली नाही, ‘श्मा’ ही एक प्रार्थना ओठांवर राहिली. पुढे बाहेरून डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू माणूस आला आणि त्याला शंका, की हे खरंच आपले लोक आहेत का. त्याने म्हणे घरातल्या बायकांपुढे वेगवेगळे मासे आणून टाकले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. तेव्हा त्याची खात्री पटली. हा रहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ही गोष्ट तुमच्याकडे इतकी जपून ठेवलीय याचं मला फार कौतुक वाटतं, कारण एका अख्ख्या समाजाची परीक्षा घेतली गेली ती चुलीपाशी, आणि उत्तर दिलं ते बायकांनी, आणि त्यांना तर आपली परीक्षा चाललीय हेही ठाऊक नव्हतं, रोज करायच्या तेच त्यांनी केलं.

दुसरी परीक्षा मात्र कडू होती. 1948 नंतर तुमची हजारो माणसं इस्राएलला गेली, दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बेरशेवा. आणि 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, आदेश निघाला की बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आधी त्याच्या आईची, आजीची, त्याच्याही मागची चौकशी करा. विचार करा, आपण ज्या भूमीला आपली म्हणून गेलो तिथे लग्नाच्या दारात उभं करून आजीचे पुरावे मागायचे. लोक गप्प बसले नाहीत. मोर्चे काढले, धरणं धरलं, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल हे सर्व अर्थाने ज्यू आहेत.

म्हणजे अश्दोदला त्या मुलीने तुमच्या लेकीला जे विचारलं ते तिच्या आजीच्या वयाच्या बायकांना विचारून झालेलं आहे आणि त्यांनी उन्हात बसून त्याचं उत्तर देऊनही झालेलं आहे. तो पेपर सुटलेला आहे. तुमच्या मुलीने त्याला परत बसायचं काहीच कारण नाही, हे तिला नक्की सांगा.

पण एवढ्यावर ती हसायला लागेल असं मला वाटत नाही. कारण इतिहास माहीत असला तरी चारचौघात कुणी हसलं की लागतंच. मी पुण्यात नवीन आले तेव्हा ऑफिसात कुणीतरी विचारलं रविवारी येशील का, मी म्हटलं हो, फावेल मला. गुजरातीत फावणं म्हणजे जमणं, सोयीचं असणं, आमच्याकडे बडोद्याच्या सगळ्या मराठी घरांत तो शब्द सर्रास चालतो. सगळे हसले. कुणी दुष्टपणे नाही हसलं पण हसले. आणि तिकडे बडोद्याला शाळेत आम्ही ‘दक्षिणी’. तर मी काय केलं, मी तो शब्द टाळायला लागले, आधी ऑफिसात, मग घरी, मग आईशी फोनवर बोलतानासुद्धा. दहाबारा वर्षांत तो पार गेला तोंडातून. आई गेली त्यानंतर एकदा बडोद्याला मावशीकडे गेले होते, मावशी म्हणाली अगं उद्या थांब ना, नाही का फावणार, आणि मला तिथेच रडू फुटलं, मावशीला कळेचना काय झालं. तो नुसता शब्द नव्हता हो, आईचा आवाज होता त्यात, आणि मी तो चार लोकांच्या हसण्यासाठी सोडून दिला होता.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल मला ही एकच काळजी वाटते, की हसण्याला घाबरून तिने काही सोडून देऊ नये.

ती म्हणते मी पाहुणी आहे. आपल्याकडे म्हणच आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. पण तुमच्या घरातलं एक ताट बघू या. रोश हशानाला, ज्यू नववर्षाला, तुमच्याकडे चिकाचा हलवा होतो, गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात. नारळाचं दूध का, तर मटण आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही हा तुमचा धर्माचा नियम, आणि कोकणात नारळ दारातच, तेव्हा नियमही पाळला गेला आणि जिभेलाही कोकण मिळालं. आता यातला ज्यू भाग कुठे संपतो आणि कोकणी भाग कुठे सुरू होतो ते कुणी वेगळं काढून दाखवावं! तसाच मलिदा. पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, फळं, एलियाहू हनावीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने, नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात. तो हनावी रथातून येऊन गेला म्हणून अलिबागजवळच्या खंडाळ्याला तुम्ही खडक दाखवता. सणांची नावं बघा, खिरीचा सण, बिरड्याचा सण, वालाचं बिरडं आणि हिब्रू पंचांग एकाच दमात. 1880 च्या सुमाराला तर तुमच्या लोकांनी आब्राहाम आणि योसेफाच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, टाळांच्या ठेक्यावर. हे सगळं करणारी माणसं दोन घरी उपाशी नव्हती, त्यांनी तिसरं घर बांधलं होतं आणि ते चांगलं भरलेलं होतं. तुमची मुलगी त्या घरची आहे. फक्त त्या घराला गूगल मॅपवर वेगळी पिन नाहीये म्हणून तिला ते दिसत नाहीये, असं मला वाटतं.

आता करायचं काय. लगेच ‘अभिमान बाळग’ वगैरे सांगायला जाऊ नका, दुखलेल्या माणसाला अभिमान बाळगायला सांगितलं की त्याला वाटतं आपलं दुखणं कुणी ऐकूनच घेतलं नाही. आधी तिला सगळं बोलू द्या, कोण काय म्हणालं, तेव्हा तिला काय वाटलं. मग एखाद्या रविवारी दोघी नवगावला जाऊन या, ठाण्याहून फार लांब नाही, तिथली जुनी दफनभूमी बघा, समुद्र बघा. आणि अश्दोदच्या मावशीला म्हणावं की तू तिकडे गेलीस तेव्हा तुला काय काय ऐकावं लागलं ते भाचीला सांग. तिच्या पिढीने तिकडे जाऊनही मराठी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्राएलमधून काढलं, लग्नात मेंदी आणि हिरव्या बांगड्या सोडल्या नाहीत. ती मावशी जे सांगू शकेल ते मीही नाही सांगू शकत आणि तुम्हीही नाही, कारण तुम्ही कायम ठाण्यात राहिलात. बहुतेक मावशी-भाचीने तीन महिन्यांत फिरणं-खाणं सगळं केलं असेल, हे बोलणं राहून गेलं असेल.

नाशिकहून एक आजी लिहितात

“नातू 9 वर्षांचा, टेक्सासला असतो. दर रविवारी व्हिडीओ कॉल. मी त्याला म्हणते, मराठीत बोल बघू, हत्तीला काय म्हणतात सांग, मनाचा श्लोक म्हणून दाखव. तो दोन मिनिटांत पळून जातो. सूनबाई म्हणते आई तो लाजतो. मला फार वाईट वाटतं, आपली भाषा त्याच्यापर्यंत पोचणारच नाही का?”

आजी, तुमची तळमळ कळते हो मला, पण रागावू नका, तुम्ही दर रविवारी त्या लेकराची तोंडी परीक्षा घेताय. त्याला शाळेत परीक्षा, सॉकरमध्ये परीक्षा, आणि आजीच्या फोनवरही परीक्षा. कोण थांबेल?

विचारणं बंद करा आणि सांगायला लागा. तुम्ही मराठीतच बोला, तो इंग्रजीत उत्तर देईना का, देऊ दे, त्याला कळतंय ना, मग निम्मं काम झालंय, बोलणं मागून येतं आणि ऐकण्यातूनच येतं. त्याच्या बाबाच्या लहानपणच्या खोड्या सांगा, त्या त्याला जगात दुसरं कुणीच सांगणार नाही आणि त्याला त्या हव्याच असणार, बाबा कुठल्या झाडावरून पडला, कुठल्या विषयात नापास होता होता वाचला. आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबा, उरलेली पुढच्या रविवारी. मराठी त्याच्यासाठी अशी काहीतरी होऊ दे की जी आल्याशिवाय त्याला हवं ते मिळत नाही.

आणखी एक, त्याच्याकडून तुम्हीही काहीतरी शिका. सॉकरचे नियम समजावून घ्या त्याच्याकडून. मोठ्या माणसाला शिकवताना पोरं भाषेची लाज विसरतात, मिळतील ते शब्द वापरतात, मराठी-इंग्रजी सरमिसळ करतात, ती सरमिसळ होऊ द्या. अमेरिकेत बऱ्याच गावांत शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात, त्यात घालायचं की नाही ते सूनबाईंना ठरवू दे, त्यांच्याही धावपळीचा विचार करा. तुम्ही फक्त आजी राहा, मास्तर होऊ नका.

सातारा जिल्ह्यातून एक निवृत्त वाचक लिहितात

“आपल्या सदरात या दोन संस्कृतींचं फार कौतुक चाललंय. माझं स्पष्ट मत आहे की दोन डगरींवर पाय ठेवणारा मधेच पडतो. देश तसा वेश. जिथे गेलात तिथले व्हा, नाहीतर आपल्या गावी परत या. माझा मोठा भाऊ अहमदाबादला गेला, मुलं धड गुजराती नाहीत, धड मराठी नाहीत. हे कसलं कौतुक?”

काका, तुमचं पत्र मी मुद्दाम छापलंय कारण असं वाटणारे खूप आहेत आणि ते तोंडावर बोलत नाहीत, तुम्ही बोललात. आणि अर्धी गोष्ट मला मान्यच आहे. जिथे राहायचं तिथली भाषा यायलाच पाहिजे. बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहून गुजराती येत नाही असा मराठी माणूस मी बघितलेला नाही, आणि महाराष्ट्रात वीस वीस वर्षं राहणाऱ्यांनी मराठी शिकली पाहिजे हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन, त्यात कसलीच सूट नाही.

पण तुम्ही साताऱ्याचे म्हणून तुमच्याच गावच्या माणसाचं सांगते. काकासाहेब कालेलकर, 1885 मध्ये साताऱ्यात जन्मले, घरची भाषा मराठी. काही काळ आमच्या बडोद्यात शिक्षक होते, मग गांधीजींकडे गेले, आणि गुजरातीत असं लिहिलं की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणायचे. 1965 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही गुजराती पुस्तकासाठी. मराठीतही लिहीत राहिले. आता यांना धड हे नाहीत धड ते नाहीत म्हणायचं का? दुसरे धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरात मराठी, कविता कन्नडमध्ये, आणि ती अशी की 1973 चं ज्ञानपीठ मिळालं, शिवाय मराठीतही लेखन केलं. ते मधे पडले नाहीत, दोन्ही भाषांना त्यांच्यामुळे काहीतरी मिळालं.

तुम्ही म्हणाल ही मोठी माणसं, सामान्यांचं काय. तर माझ्या घरचं सांगते. दिवाळीचा पाडवा, गुजरात्यांचं त्याच दिवशी नवीन वर्ष. अंधार असतानाच गल्लीत पोरं ओरडत यायची, सबरस, सबरस! सबरस म्हणजे मीठ, वर्षाच्या पहिल्या सकाळी शुभ म्हणून विकत घ्यायचं. आई दार उघडून मीठ घ्यायची, पोराच्या हातावर पैसे ठेवायची, ते मीठ आत नेऊन ठेवायची आणि मग पाट मांडून बाबांना ओवाळायची, आपला पाडवा. तोवर शेजारचे पटेलकाका ‘साल मुबारक’ करत दारात हजर, त्यांच्या हातावर चकली, आणि त्यांच्याकडून येताना आमच्या ताटात मठिया. गुढीपाडव्याला परत एकदा आमचं नवीन वर्ष, तेव्हा पटेलकाकू श्रीखंडाला आमच्याकडे. मला लहानपणी कधी वाटलं नाही की यातलं एक खरं आहे आणि दुसरं उसनं आहे. बडोद्याची शेव उसळ खाल्लीत का कधी? आपलीच उसळ, वर शेव आणि हिरव्या लसणाची चटणी, गुजराती लोक ती आपली म्हणून खातात आणि आम्ही आमची म्हणून, आणि दोघांचंही खरं आहे.

तुमच्या पुतण्यांबद्दल मात्र एक विचारू का काका? ती मुलं ‘धड मराठी नाहीत’ हे त्यांच्या कानावर किती वेळा गेलंय? सुट्टीत गावी आली की त्यांच्या बोलण्याला घरात कुणी हसतं का? कारण मुलं भाषा सोडतात ती बहुतेक वेळा परक्यांमुळे नाही सोडत, घरच्यांनी चुका काढल्या की सोडतात, मी स्वतः तेच केलं ते वर लिहिलंच आहे. या दिवाळीत त्यांना बोलवा, आणि चुकीचं बोलली तरी बोलू द्या. डगरीवरून पडणाऱ्याला आपण हात देतो ना काका, मग आपल्याच भावाच्या मुलांना तर द्यायलाच हवा.

हिंजवडीहून एक तरुण लिहितो

“ताई वणक्कम आणि नमस्कार. मी तंजावर मराठी. कुंभकोणमला जन्म, चेन्नईला शिकलो, दोन वर्षं झाली पुण्यात जॉबला आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो पण इथल्यासारखी नाही, सूर तमिळ आहे, शब्द जुने आहेत, आणि लिहायची वेळ आली तर आम्ही तमिळ लिपीत लिहितो, हे पत्र रूममेटने टाइप केलंय. ऑफिसमध्ये मी मराठी बोललो की लोक म्हणतात, अरे वा, मराठी शिकतोयस, छान! माझ्या घरात तीनशे वर्षांहून जास्त मराठी बोलतायत. आणि चेन्नईत नावापुढे राव बघून मला तेलुगू समजायचे. मी आता काय करू, देवनागरी शिकू का आणि माझी मराठी सुधारून घेऊ का?”

अरे, तुझं पत्र वाचून मला आधी तुझ्या ऑफिसमधल्या लोकांच्या वतीने वाईट वाटलं, कारण त्यांच्या शेजारच्या खुर्चीत केवढा खजिना येऊन बसलाय हे त्यांना कळलंच नाहीये.

देवनागरी शीक, नक्की शीक. तुला भाषा येतेच आहे, नुसती अक्षरं शिकायचीत, महिना-दोन महिन्यांत दुकानांच्या पाट्या वाचशील आणि मग हे सदर तुला रूममेटकडून वाचून घ्यावं लागणार नाही. सुधारणं मात्र अजिबात नको. सुधारायला ती बिघडलेली पाहिजे ना आधी.

तुझ्या ऑफिसच्या लोकांना एवढंच सांग. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1670 च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले आणि त्यांच्या घराण्याचं राज्य 1855 पर्यंत चाललं. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, 1684 ते 1712, स्वतः मराठीत नाटकं लिहायचे. आपण शाळेत शिकतो की मराठी नाटक 1843 मध्ये सांगलीला सुरू झालं, तर तंजावरची नाटकं त्याच्याही सव्वाशे-दीडशे वर्षं आधीची! याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी तर कमाल केली, कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, भविष्य सांगणाऱ्या डोंगरातल्या बाईचा, तो घेतला, मराठीत लिहिला, आणि त्या बाईच्या तोंडी घातला जगाचा भूगोल, खंडं, देश, समुद्र. तमिळ साचा, मराठी शब्द आणि नव्याने आलेलं युरोपचं ज्ञान, हे 200 वर्षांपूर्वी, आणि आज आपल्याला वाटतं की दोन संस्कृतींत जगणं हा आपल्या काळाचा नवा प्रश्न आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला आहे, 1803 सालचा, तू लहानपणी त्याच्यासमोरून कितीदा गेला असशील आणि वाचता आला नसेल. देवनागरी शिकलास की परत जा आणि भिंतीशी उभा राहून वाच, सावकाश.

आणि तुमच्या लोकांनी नुसतं जपलं नाही, दिलंसुद्धा. मराठी कीर्तनकार तंजावरला गेले, त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिलं त्यात आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं गेलं. चेन्नईतल्या ज्या कुणाला तू तेलुगू वाटलास ना, त्याच्या आजीने हरिकथेत आपली साकी-दिंडी नक्की ऐकली असेल.

घरी आजोबांची पेटी आहे का बघ. जुने कागद असतील तर ते बहुतेक मोडीत असतील, फेकू देऊ नकोस कुणाला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, तिथे वाचणारी माणसं मिळतील. घरात पडलेला एखादा हिशोबाचा कागदसुद्धा महत्त्वाचा असतो, त्यात तुमच्या घरात तेव्हा काय खात होते, कुणाला काय देत होते ते असतं.

आणि आता माझी एक मागणी. तुमच्याकडे डांगर पच्चडी होते ना? डांगर म्हणजे उडदाचं पीठ, आमच्याकडेही म्हणतात, ते दह्यात कालवून वर फोडणी. आजी असेल तर तिला फोन लाव, ती कशी करते ते तिला सांगू दे, तू फोनवर रेकॉर्ड करून घे आणि रूममेटला म्हण की आजी बोलते तसंच टाइप कर, एकही शब्द बदलू नकोस, इथला शब्द वेगळा आहे म्हणून दुरुस्तही करू नकोस. पुढच्या अंकात या सदरात आजीच्याच मराठीत जशीच्या तशी छापते. 20 तारखेच्या आत पाठव.